गेन्पाचीच्या जन्मतारखेचा पुरावा

ओसाकाच्या निप्पोनबाशी भागात कोमोदा यासुहिरोंचं चष्म्याचं दुकान आहे. ते चालतं बायकोच्या, फुमिएच्या जिवावर, कारण कोमोदांचा जीव गेन्पाचीत अडकलेला. गेन्पाची म्हणजे तीसेक वर्षांपूर्वीच्या एका मारामारीच्या व्हिडिओ गेममधला ढेरपोट्या पैलवान. चाहत्यांनी इंटरनेटवर एक ज्ञानकोश मांडलाय, त्यातलं गेन्पाचीचं पान कोमोदा राखतात आणि पुराव्यावाचून तिथे एक ओळ टिकू देत नाहीत. ही खोड घरीही सुटत नाही. फुमिए म्हणाली, "मासा ताजा आहे," की यांचं ठरलेलं, "कोण म्हणालं? कुठे छापलंय?"

"छापील हवा असेल तर उपाशी बसा," ती म्हणायची.

मे महिन्यात त्याच पानावर, 'जन्म : १४ जून' या ओळीशेजारी, मित्सुसे नावाच्या कुणा नव्या संपादिकेने खूण केली : पुरावा द्या, नाहीतर महिनाअखेर ओळ काढू.

कोमोदांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला? ही पोर मला पुरावा मागते?"

"बरं झालं," फुमिए काचा पुसत म्हणाली. "कुणीतरी भेटलं तुम्हाला."

रागापेक्षा भीतीच मोठी होती. दर चौदा जूनला चाहते एका जुन्या गेम पार्लरमध्ये जमत, गेन्पाचीच्या नावाने केक कापत आणि कोमोदांना टाळ्या वाजवून पुढे बोलावत. टाळ्या वाजवून त्यांना दुसरीकडे कुठेच कुणी बोलावत नव्हतं. तारीख गेली की तेही गेलं.

गेमच्या पुस्तिकेत गेन्पाचीचं वजन होतं, रक्तगट होता, आवडता पदार्थही होता. जन्मतारीख नव्हती. जुनी मासिकं उपसली, तिथेही नाही. मग ही तारीख आली कुठून? खूप डोकं खाजवल्यावर एवढंच आठवलं, की शाळेत असताना पार्लरमधल्या एका उंच मुलाने ती ठासून सांगितली होती.

शेवटी ते गेन्पाचीच्या निर्मात्याकडेच गेले. म्हातारे वाशिओ ओसाकाजवळच्या साकाई शहरात वांगी लावून एकटेच राहत. बायको गेलेली, मूलबाळ नाही, पोट मात्र भरपूर.

"सर, गेन्पाचीचा जन्म कधीचा?"

"थांबा हं." वाशिओंनी चष्मा लावून फोन काढला. "हं, चौदा जून."

कोमोदांना भरून आलं. "कुठे लिहिलंय?"

"हा काय, चाहत्यांचा कोश. हे पान सांभाळणारा माणूस भलता खडूस आहे म्हणे. चुकीचं काही टिकूच देत नाही."

"तो मीच," कोमोदा रडवेल्या आवाजात म्हणाले.

वाशिओ पोट धरून हसले. "अहो, आम्ही तारीख दिलीच नव्हती. पुस्तिकेत जागा उरली नाही. पण बाप मीच ना? मग आज सांगतो, चौदा जून. झालं?"

"नाही झालं, सर. तोंडी चालत नाही, छापील लागतं. नियम मीच केलाय."

"तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा," वाशिओ म्हणाले.

त्या वर्षी गल्लीचं पत्रक काढायचं काम वाशिओंकडे होतं. हे पत्रक दारोदार फिरतं आणि वाचल्याची खूण म्हणून प्रत्येक घर त्यावर आपला शिक्का मारतं. या खेपेला मोडक्या फर्निचरचा कचरा आणि गटारसफाई यांच्या मधोमध एक ओळ आली : 'माझा गेन्पाची चौदा जूनला जन्मला. – वाशिओ.'

शिक्के मारून झालेल्या पत्रकाचा फोटो कोमोदांनी कोशावर चढवला. मित्सुसेने गल्लीच्या अध्यक्षांना फोन करून खात्री केली, तेव्हा कुठे लिहिलं : 'पुरावा मान्य. घरोघरचे शिक्के आहेत. इतका भक्कम पुरावा या कोशात दुसरा नाही.' कोमोदांनी फुमिएला ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं.

चौदा जूनला वाशिओंना पार्लरमध्ये न्यायला कोमोदा साकाईला पोहोचले, तर दारात चपलांचा ढीग! शेजारीपाजारी शुभकार्याचा लाल भात घेऊन आलेले.

"इतकी वर्षं शेजारी राहतो," एक बाई वाशिओंना दटावत होत्या, "मुलगा आहे म्हणून कधी बोलला नाहीत! पत्रकात वाचावं लागलं आम्हाला!"

वाशिओंनी केविलवाणे होऊन कोमोदांकडे पाहिलं. हातात भाताचा डबा, डोळ्यांत पाणी.

"तुम्ही ओळखता का हो त्याला?" बाईंनी कोमोदांना विचारलं.

खरं काय ते सांगायला कोमोदांनी तोंड उघडलं. जन्मभराची सवय होती.

"ओळखतो की," ते म्हणाले. "लहानपणापासून. ढेरपोट्या आहे, पण कधी कुणाला पाठ दाखवली नाही."

"म्हणजे बापावरच गेलाय," बाई म्हणाल्या.

कोमोदांनी पुरावा मागितला नाही.