राघूंच्या पायांचे फोटो

आमच्या कोहिनूर गावच्या बसवंतअण्णांनी काढलेल्या फोटोत राघूचं डोकं आलं, तर तो फोटो बिघडला असं समजायचं. अण्णांना हवे असत पाय. लाल चोच, गळ्यात कंठी, एवढा देखणा पक्षी, आणि हे गृहस्थ गावामागच्या तांबड्या माळावर बोरीच्या काट्यांत उताणे पडून त्याचे पाय टिपायचे! फोटो स्टुडिओत जन्म गेलेला, त्यामुळे सवय सुटत नव्हती. "हलू नका," असं ते राघूंना बजावत. राघू अर्थातच उडून जात. "ह्यांच्यापरीस नवरदेव बरे," म्हणत अण्णा अंगावरची कुसळं झाडत.

मी शेजारी राहायचो. एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, पायच कामून?"

"तोंडं समद्यांची सारखीच की रे. आमच्या राघूच्या उजव्या पायाला एक बोट न्हाई."

हा राघू शांताक्कांचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा. वाऱ्यानं ढोलीतून पडलेलं पिल्लू त्यांनी भिजवलेली डाळ भरवून वाढवलं. घरात मूलबाळ नव्हतं. राघू त्यांच्या खांद्यावर बसून घरभर फिरायचा. दारात सापडून त्याचं बोट तुटलं, तेव्हा अक्का जेवल्या नाहीत. पुढे पंखांत बळ आलं आणि तो माळावरच्या थव्यात गेला. अक्का रोज तिकडे जाऊन त्याला हाक मारून येत. मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्या खाटेला खिळल्या आणि तेही बंद झालं.

"येकडाव त्याला बघू द्या," त्या अण्णांना म्हणाल्या, "मग म्या जायला मोकळी."

तेव्हापासून अण्णा रोज माळावर. संध्याकाळी खाटेपाशी बसून ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक पाय मोठा करून दाखवत. अक्का निरखून म्हणत, "ह्यो न्हाई." मग अण्णा त्यांना मऊ भात भरवत. "ह्यो न्हाई" ऐकलं की अण्णांचा चेहरा खुलायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण कारण कळत नव्हतं.

ते एका सकाळी कळलं. अण्णांनी मला परसात नेऊन कॅमेरा दाखवला. फांदीवर उजवा पाय, आणि त्याला एक बोट कमी.

"चला की, अक्काला दाखवू!"

"गप. गेल्या सुगीतच घावलाय ह्यो. दाखवला की ती जाणार. म्या कामून दाखवू?"

त्यांनी कॅमेरा बंद करून गळ्यात अडकवला.

या उन्हाळ्यात अक्कांचं खाणं सुटलं. कण्हणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. एका संध्याकाळी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेवढ्यात अण्णा कॅमेरा घेऊन आले.

"लई सोसलीस," ते म्हणाले. "आता अडवत न्हाई तुला."

आणि त्यांनी तो फोटो समोर धरला.

अक्का कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांचा एक हात तेवढा चालायचा. तो उचलून त्यांनी पडद्यावर, राघूचं बोट जिथं नव्हतं तिथं, आपलं बोट टेकवलं. डोळ्यांतून धारा लागल्या. मग त्यांनी अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं.

"ह्यो न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या परत जावा."

मला तिथं बसवेना. मी उठून अंगणात आलो आणि रडलो.

त्याच आठवड्यात अक्का गेल्या. दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्याच सकाळी अण्णा गळ्यात कॅमेरा अडकवून निघाले.

"अण्णा, आता कशाला जायलाव?" मी विचारलं.

ते चप्पल घालायचे थांबले. "ती म्हणली न्हाई का, ह्यो न्हाई म्हणून?" ते म्हणाले. "मग जायला पायजे की."