दोन दिवसांत झालेलं व्हॅल्युएशन

घरांची किंमत ठरवणाऱ्या एका व्हॅल्युअरच्या ऑफिसात मी कारकून आहे. साहेब घर बघतात, टेप लावतात, फोटो काढतात. मी त्यांच्या भेटी ठरवतो, रिपोर्ट टाइप करतो आणि तो बघून बँक कर्जाचा आकडा ठरवते. ऑफिसात मला 'चटकन' म्हणतात, कारण कुणाचं काम लवकर व्हायला हवं असलं की मी आदल्या दिवशी फोन करून त्याचे कान किटवतो. कागद एका फायलीत ठेवा, कोपरे मोकळे करा, कुत्रा बांधा आणि मुख्य म्हणजे एकूण एक खोली उघडी ठेवा, साहेब डोळ्यांनी बघतात तेवढंच धरतात. बावीस वर्षं हेच दळण दळतोय. आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी नेमकं उलट केलं. विसरलो नव्हतो हो, शहाणपणा केला!

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा नववीतून शाळा सोडून ती शिलाई मशीनवर बसली. माझं सगळं शिक्षण तिच्या काजांवर आणि बटणांवर झालं. तोंडानं फटकळ. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणते, "मग तुम्हीच शिवा ना, सुई-दोरा देते." पण बाही बोटभर तोकडी झाली तर सगळं उसवून पुन्हा शिवेल, वर पैसे मागायची नाही.

आमचं घर वडिलांचं आणि काकांचं मिळून होतं. माझा हिस्सा मी केव्हाच ताईच्या नावावर करून दिला होता. गाठीला तेवढंच पुण्य. उरलेला अर्धा भाग चुलतभावाचा. मागची खोली सगळ्यात मोठी, भरपूर उजेडाची. तिथे ताईची तीन मशीनं, कापडाचे गठ्ठे आणि कातरणांचा हा एवढा ढीग. एके दिवशी चुलतभाऊ आला, चहा प्याला आणि म्हणाला, "ताई, महिनाअखेरपर्यंत माझा अर्धा भाग तू घे. नाहीतर सगळं घर विकून वाटणी करू." त्याला दोष देत नाही, त्यालाही त्याची नड होती. ताईनं बँकेत अर्ज टाकला. आमच्या साहेबांची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची, म्हणजे मुदत उलटून गेल्यावरची.

मग काय, चटकन कामाला लागले! एकाची भेट पुढे ढकलली, दुसऱ्याला गोड बोललो आणि साहेबांना परवाच ताईकडे पाठवायचं ठरवलं. संध्याकाळी घरी जाऊन बघितलं तर सगळं लख्ख. फक्त ती मागची खोली! साहेबांनी मशीनं बघितली असती तर 'धंद्याची जागा' लिहिलं असतं. मग वेगळा फॉर्म, वेगळी सही, दहा दिवस गेले म्हणून समजा. मी म्हटलं, "ताई, हिला कुलूप लाव. विचारलं तर म्हण, अडगळ आहे."

"अरे, पण घरातली चांगली खोली तीच ना?"

"तुला कळतं का मला कळतं?"

असं म्हणालो मी तिला. जिनं मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, तिला. मशीनं उचलून तासाभरासाठी शेजाऱ्यांकडे ठेवली असती तरी भागलं असतं. पण तेवढं सुचायला डोकं ठिकाणावर लागतं.

साहेब गेले, बघून आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे कागद माझ्याच टेबलावर आले. 'मागील खोली बंद. पाहता आली नाही. धरलेली नाही.' टाइप करताना माझी बोटं थांबली. खरं सांगतो, थांबली. त्याच वेळी उठून साहेबांना म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे, एकदा परत चला. पण मग साहेबांनी विचारलं असतं, कुलूप कुणी लावायला सांगितलं? सरळ नोकरीवर गदा. मी मनाची समजूत घातली की तेवढ्यातही भागेल. रिपोर्ट पाठवला.

नाही भागलं. सगळ्यात मोठी खोलीच गायब, तर घराची किंमत काय उरणार? कर्ज कमी मंजूर झालं. पुन्हा पाहणीसाठी बँकेनं नवा अर्ज मागितला, नवी रांग. मुदत संपली, घर विकलं गेलं. ताईच्या वाट्याला जे आलं त्यात दुसरं घर येत नव्हतं.

आता ती दुसऱ्या मजल्यावर एका भाड्याच्या खोलीत राहते. दोन मशीनं विकली, तिसरं खिडकीशी, त्याच्या पायाशी तिचं अंथरूण. परवा गेलो तेव्हा एक बाई पडद्याचं माप द्यायला आल्या होत्या. ताई त्यांना कौतुकानं सांगत होती, "हा माझा भाऊ. लोक तीन आठवडे ताटकळतात, माझं काम यानं दोन दिवसांत करून दिलं. पुढे नशीब, दुसरं काय!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाई गेल्या तसा मी म्हणालो, "ताई, पुरे कर. नशीब नव्हे, मी. तुझं घर मी घालवलं." आणि सगळं ओकून टाकलं. कुलूप, तो कागद, थांबलेली बोटं, सगळं.

ती दोरा ओवत होती. सुईवरची नजर न काढता म्हणाली, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"तुझे साहेब त्या दारापाशी उभे राहून दोनदा म्हणाले, बाई, खोली उघडा, नाहीतर धरता येणार नाही, तुमचंच नुकसान होईल."

"मग उघडली का नाहीस?"

"उघडणारच होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, बंद ठेवायला कुणी सांगितलं का? आमच्या ऑफिसातल्या कुणी?" तिनं दोरा दातानं तोडला. "मी म्हटलं, छे हो, किल्लीच हरवलीये. घर काय, भाड्याचंही मिळतं. तुला या वयात नोकरी कोण देणार होतं?"

ताईनं पडद्याचं कापड उलगडलं आणि म्हणाली, "ते टोक धर जरा. सरळ धर."