गिअरबॉक्स न उघडता

जरीपटक्याच्या मागच्या गल्लीत गॅरेजवाले सहा, त्यात बाई एकच, लतिका गजभिये. हिंगण्याच्या एका कंपनीत अकरा वर्षं ती जोडणीच्या लाइनवर उभी होती. ठेका संपला तेव्हा साहेबांनी हात जोडले, हिनं पाने उचलले. सुरुवातीला लोक स्कूटर घेऊन यायचे ते बाई काय करते हे बघायला. बघून झालं, मग कार आणायला लागले. पायात अजून तेच कंपनीतले जाड बूट, आणि तोंड असं की तिला एकच गोष्ट दोनदा विचारायची कोणाची टाप नाही.

एका सोमवारी धरमपेठेतून वसंतराव देव आपली लाल गाडी ओढून घेऊन आले. टप उघडणारी, दोनच माणसांची जपानी स्पोर्ट्स कार, वयानं तिशी ओलांडलेली. बँकेतून रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, यांनी ही घेतली. महिनाभरापासून गिअर पडत नव्हता. घराजवळच्या मेकॅनिकनं गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं होतं. समोरच्या गॅरेजच्या रुपरावनं तर गाडीचा दोर सुटायच्या आत तेच निदान केलं. गिअरबॉक्स म्हटलं की रुपरावच्या हाताला खाज सुटते.

लतिकानं दार उघडलं. आधी पेडल पायाखाली घेऊन बघायचं, ही तिची रीत. तेवढ्यात वसंतराव हळूच म्हणाले, "बूट काढून बसा हं. मीसुद्धा काढूनच बसतो."

दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिचा आजा छप्पन साली दीक्षेला उभा राहिलेला माणूस. त्याच्या गावात पाटलाच्या दारावरून जायचं तर वहाणा हातात घ्याव्या लागत. तो सांगून गेला होता, विहारात आपण आपल्या मनानं काढतो, दुसऱ्याच्या सांगण्यावरून पायातलं काढायचं नाही. लतिकानं दार लावलं. "मी नाही बसत. खालूनच पाहतो," म्हणाली आणि गाडीखाली सरकली.

गिअरबॉक्सच्या अंगाला क्लचचा छोटा सिलिंडर असतो. पेडल दाबलं की त्यातलं तेल दांडी ढकलतं आणि दांडी क्लच सोडवते. इथं रबर गेलेलं, सिलिंडर तेलानं ओलाचिंब. ती बाहेर आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "गिअरबॉक्स उघडनार नाही. उघडा लागला, तर माह्या दुकानाची पाटी रुपरावभाऊनं उतरवावी."

गल्लीत असा शब्द टाकला की तो परत घेता येत नाही. बाईच्या गॅरेजला तर मुळीच नाही.

नवा सिलिंडर यायला नऊ दिवस लागले, बसवायला तासही लागला नाही. मग नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक खाली. वसंतराव बूट दाराशी काढून बसले. ती खालून ओरडायची, दाबा, धरा, सोडा. ते शाळेतल्या पोरासारखं ऐकायचे. बुडबुडे थांबले, तेल स्वच्छ यायला लागलं. गाडी सुरू करून वसंतरावांनी पहिला टाकला आणि गाडी कर्र करून किंचाळली. पुन्हा हवा काढली. पुन्हा तेच.

रुपराव चहाचा ग्लास घेऊन येऊन उभा राहिला. "काहून वं लतिका, पाटीचे खिळे ढिले करून ठेवू का?"

"चहा पे गा तू," एवढंच ती म्हणाली. पण आतून हलली होती. तिनं बॉनेट उघडून पेडलचं तेल खाली ढकलणारा वरचा सिलिंडर पाहिला, बाहेरून कोरडा ठणठणीत, गळती नाही. मग खाली जाऊन वसंतरावांना दाबायला लावलं आणि दांडीवर नजर ठेवली. दांडी सरकत होती, पण जेवढी सरकायला पाहिजे त्याच्या निम्मीच. तेल बरोबर, हवा नाही, म्हणजे वरून पायच पुरता येत नाही.

"काका, पूर्ण दाबून राहिले ना?"

"पूर्ण. खाली टेकतोय पाय."

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. आता एकच जागा पाहायची राहिली होती, आणि ती नऊ दिवसांपूर्वी तिनं स्वतःच सोडली होती. वसंतरावांना तिनं उतरायला सांगितलं आणि बुटासकट आत बसली. त्यांची नजर तिच्या बुटांवरच होती. तिनं पेडल दाबलं. ते गादीवर पाय पडावा तसं मऊ थांबलं. तिनं खाली वाकून पाहिलं. गाडीची रबरी मॅट, तिच्यावर काथ्याची, आणि सगळ्यात वर सतरंजीची चौपदरी घडी.

झालं होतं असं. गिअर पडेना तेव्हा वसंतरावांना क्लच चारचारदा दाबावा लागे. अनवाणी टाच दुखायला लागली, म्हणून त्यांच्या बायकोनं, चारुशीलाबाईंनी, सतरंजी घडी करून दिली, चांगली जाड पाहून. सिलिंडर गेलाच होता, पण नवा बसवूनही पेडल त्या घडीवर अडत होतं. पहिल्याच दिवशी लतिका बसली असती, तर हे तेव्हाच दिसलं असतं. ते तिला कळलं, आणि कळल्याचा रागही आला, निम्मा स्वतःचा.

तिन्ही थर ओढून तिनं बाहेर टाकले. पहिला पडला, दुसरा पडला, रिव्हर्स लोण्यासारखा पडला.

"काका," ती सीटवरूनच म्हणाली, "बूट काढा म्हनून कोनाले सांगत जाऊ नका."

"अहो, जावयालासुद्धा सांगतो मी. गाडीतला गालिचा जुना आहे."

"जावयाले सांगा. कामावर आलेल्या मानसाले नाही."

वसंतरावांनी खाली पडलेली सतरंजी उचलून काखेत घेतली. मग बरोबर आहे म्हणाले, आणि स्वतःचे बूट घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. तिनं गाडी चौकापर्यंत नेली आणि परत येऊन रिव्हर्समध्येच रुपरावच्या दारापुढून आणली.

"उघडला का गिअरबॉक्स?" त्यानं विचारलं.

"नाही उघडला," ती म्हणाली. सतरंजीचं मात्र तिनं त्याला सांगितलं नाही.