मागच्या फाटकाचं पाणी

गल्लीने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका उन्हाळ्यात. टँकर उभा केल्याबरोबर पाइप सोडायच्या आधी तो खाली उतरला आणि गळक्या व्हॉल्व्हखाली त्याने पत्र्याचा छोटा डबा टांगला. डब्याच्या तोंडावर फडकं शिवलेलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका हसल्या. "एवढ्या मोठ्या टाकीचा मालक आणि थेंबासाठी जीव टाकतो!" त्या दिवसापासून त्याचं नाव ठिबक पडलं.

ते फडकं शिवलं होतं त्याच्या ताईने. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिवणाच्या मशीनवर पाय मारत. यजमान गेले तशी ती एकटी राहिली. त्यांच्या दुकानाचा गाळा विकून आलेली रक्कम तिच्या म्हातारपणाची काठी होती.

ठिबकचा स्वभाव मुळातच काळजीचा. दर वर्षी तो म्हणायचा, "विहीर खाली चालली आहे, यंदा काही खरं नाही." लोक म्हणायचे, "मागच्या वर्षीही हेच म्हणालास." पण टँकर भरायच्या विहिरीत पंपाला तुकडे जोडून जोडून पाइप किती लांबला होता हे त्यालाच ठाऊक होतं. म्हणून समुद्रकाठी खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा कारखाना येणार असं कळलं, तेव्हा सगळ्यांत आधी जीव हलका झाला तो त्याचाच. आपला धंदा बसेल हेही त्याला कळत होतं. त्याने मनाशी म्हटलं, बसला तर बसला. रोज विहिरीत डोकावणं तरी संपेल.

कारखान्याचे शेअर निघाले. जो तो त्याचंच बोलू लागला. ताईही बोलू लागली.

"अरे, विहीर आटते, नदी आटते. समुद्र कधी आटतो का? त्यात घातलेला पैसा बुडायचा कसा?"

"समुद्रात घातलेला पैसा बुडत नाही म्हणणारी तू पहिलीच, ताई," तो हसून म्हणाला. तेव्हा तो हसू शकत होता.

मग एका दुपारी कारखान्याच्या मॅनेजरने त्याला बोलावलं. मागच्या फाटकाने यायचं, जेवणाच्या सुट्टीत यायचं. टाकी भरून द्यायची आणि निघायचं. ठिबकला वाटलं, बांधकामाला पाणी हवं असेल. पण पाइप जोडला ती टाकी आतल्या एका चकचकीत नळाची होती. नळाजवळ काचेचे पेले मांडलेले होते आणि वर पाटी होती: 'समुद्राचं गोडं पाणी. चाखून बघा.'

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, हे तर विहिरीचं आहे."

मॅनेजर माणूस वाईट दिसत नव्हता. डोळे तांबारलेले, शर्टाची कॉलर मळलेली. "मीठ गाळायचे पडदे बंदरात अडकलेत. पैसे भरले की सुटतील. लोकांना पाणी दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि पैशांशिवाय पाणी निघत नाही. तूच सांग, काय करू?"

ठिबकने व्हॉल्व्ह उघडला. पडदे आले तर? खरंच पाणी निघालं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तशा तीन-चार खेपा त्याने टाकल्या, आणि प्रत्येक खेपेनंतर त्याला जेवण जाईना.

एके दिवशी ताई म्हणाली, "शनिवारी कारखाना बघायला बोलावलंय. तिथेच पैसे भरणार. सगळेच भरणार आहे मी." तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

ताईचा पाय मशीनवर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"टँकरवाला दुसरं काय म्हणणार?"

"ताई, मी स्वतः भरतो ती टाकी! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तुला रोजच काहीतरी आटताना दिसतं. पाणी स्वस्त झालं की तुझं चाक थांबणार, भीती वाटणारच. भाऊ आहेस म्हणून ऐकून तरी घेतलं."

त्याचं खरंसुद्धा त्याच्याच फायद्याचं होतं.

शुक्रवारी दुपारची खेप त्याने टाकलीच नाही. टायर बसला, असा निरोप पाठवला. शनिवारी खुर्च्या भरल्या, भाषण सुरू झालं, आणि भर उन्हात टँकर हॉर्न वाजवत पुढच्या फाटकातून आत आला. मॅनेजर हात हलवत धावला. "आत्ता नाही! आत्ता नाही!"

"टाकी रिकामी असेल ना, साहेब," ठिबक म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. मग सवयीने त्याने व्हॉल्व्हखाली डबा टांगला आणि पाइप ओढत थेट त्या चकचकीत नळामागच्या टाकीपर्यंत नेला.

दुसऱ्या रांगेत ताई रिकामा पेला धरून बसली होती. तिने पाइप पाहिला, नळ पाहिला, आपण शिवलेलं फडकं पाहिलं. पेला खुर्चीखाली ठेवून ती उठली.

परतताना ती टँकरमध्ये त्याच्या शेजारी बसली.

"सांगायला दुसरी जागा मिळाली नाही तुला?"

"तुझ्या घरी सांगितलं होतं की."

"हो. सांगितलं होतंस," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ताईची रक्कम अजून बँकेत आहे. कारखान्याला कुलूप लागलं. पडदे खरंच बंदरात होते की नाही, ते कुणालाच कळलं नाही. ठिबकला मात्र ते विचारल्याशिवाय राहवत नाही. दिसेल त्या ट्रकवाल्याला तो विचारतो. हंड्यांच्या रांगेत कुणीतरी टोमणा मारतंच, "धंदा वाचवलास बाबा, आता तुझंच राज्य!" तो खाली मान घालून डबा टांगतो.

पूर्वी त्याच्या दिवसाला दोन खेपा व्हायच्या. आता एकच होते, कारण दुसरीपुरतं पाणी विहिरीत जमायला दुसरा दिवस उजाडावा लागतो.