डोके दाखवा

महायुद्ध सुरू झाले त्या वर्षीच्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी, मी चौथीतल्या एका मुलाच्या नावापुढे शनिवार आणि रविवार असे दोन दिवस ‘बिनपरवानगी गैरहाजर’ लिहिले. कारणाच्या रकान्यात ‘खोटा बहाणा’ असा शेरा मारला. मुलगा खरे बोलत होता.

गाव गंगाखेडपासून पायी तीन तासांवर होते. शाळा मारुतीच्या देवळामागे, शिक्षक दोन: सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य मास्तर, आणि मी. निजामी अमलातल्या रिवाजाप्रमाणे सुट्टी शुक्रवारी असे. शनिवारी निम्मा वर्ग रिकामा असायचा आणि रविवारी कारणे येत. म्हैस व्यायली, बैल सुटला, पायात काटा मोडला. काटा दाखव म्हटले तर, “निघाला की गुरुजी, येता येताच.” मरणाचे कारण मात्र तपासता येत नसे. एका मुलाची आजी दिवाळीपासून तीनदा वारली होती. तिसऱ्या वेळी तीच आजी भाकरी घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली.

“आमचं पोरगं भाकर इसरून आलंय.”

सगळा वर्ग हसला. म्हातारी चिडली. “काय झालं रं दात काढायला? कोण मेलं?”

“तूच, आजी,” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले.

त्या दिवशी मी नियम केला. घरात कोणी वारले असेल तर मुलाने भादरलेले डोके दाखवावे, तरच रुखसत, म्हणजे रजा, मांडली जाईल. सदर मुदर्रिस म्हणाले, “ठीक आहे, बघा करून.” महिनाभर कोणाचीही आजी वारली नाही. नियम चांगला चालला असे मी समजत होतो.

त्या सोमवारी हा मुलगा आला तो तेल लावून केस विंचरलेला, कपाळाला विभूती. महिनाभर उशिरा दाखल झालेला, पण वर्गातला सर्वांत नियमित मुलगा. वाण्याच्या दुकानावर त्याचे वडील माप करीत.

“दोन दिवस कुठे होतास?”

“आप्पा गेले गुरुजी. शुक्रवारी.”

मी त्याच्या डोक्याकडे पाहिले. माझ्याआधी वर्गाने पाहिले होते.

“आप्पाला मारून भांग पाडायलाय की ह्ये!”

“आमच्यात भादरत न्हाईत,” तो म्हणाला. “सुतक बी धरत न्हाईत.”

“सुतक नाही, तर घरी कशाला बसलास?”

“आई एकलीच व्हती.”

मी शेरा लिहिला. माझे बालपण गोदावरीकाठच्या ब्राह्मण आळीत गेले. बाप गेल्यावर मुलाच्या डोक्यावर केस राहतात, हे मी कधी पाहिले नव्हते. शुक्रवारी मी बाजाराला गंगाखेडला गेलो होतो आणि शनिवारी उजाडल्यावर परतलो, त्यामुळे गावात काय घडले ते मला ठाऊक नव्हते. कोणाला विचारलेही नाही.

चार दिवसांनी, शुक्रवारी, त्यांच्या लिंगायत मठातले जंगम दुकानावर भेटले. त्यांनीच विषय काढला. “आप्पाला शाळंच्या मागच्या रानातच बसवलं, मास्तर. बसवूनच पुरतो आमी. लिंगात मिळाला माणूस, त्येचं सुतक कशाचं? तुमी कसं दिसला न्हाईत?”

तेथून मी मुलाच्या घरी गेलो. त्याची आई जात्यावर बसली होती. मी चूक सांगितली. ती उठली नाही.

“त्ये लय रडलं न्हाई आप्पा गेल्यावर,” ती म्हणाली. “साळंतून आल्यावर रडलं.” मग तिने विचारले, “नाव जाईल नव्हं गुरुजी परीक्षेला? तेवढं पास झालं तर दुकानावर लिहायला घेतो म्हनले मालक. न्हाईतर मलाच भावाकडं जावं लागंल.”

जाईल, असे मी सांगितले. घरी येऊन हजेरी मोजली. पुढे रोज आला तरी परीक्षेला लागणाऱ्या हजेरीत त्याला नेमके दोन दिवस कमी पडत होते. रुखसत मांडली असती तर ते दोन दिवस गैरहजेरीत धरले गेले नसते.

मी हजेरीपट घेऊन सदर मुदर्रिसांकडे गेलो. त्यांनी पान पाहिले आणि हात मागे घेतला.

“खाडाखोड नको, मास्तर. महिन्याची नक्कल कालच तालुक्याला गेली. ह्या पटात एक आणि त्या नकलेत एक निघालं, तर तपासणीला आलेले नाझिरसाहेब दोघांनाही उभं करतील. दरखास्त लिहा. चूक तुमची, तर तुमच्याच नावानं लिहा.”

मी उर्दूत दरखास्त लिहिली. पोलीस पाटलाकडून आणलेला मृत्यूचा दाखला जोडला आणि शुक्रवारी कचेरी बंद म्हणून पुढच्या सोमवारी रजा काढून स्वतः गंगाखेडला नेऊन दिली. कचेरीतल्या अहलकाराने कागद उलटसुलट केला. “डोक्यावर केस होते म्हणून गैरहाजर?” त्याने मोठ्याने वाचले. शेजारचे दोघे कारकून हसले. त्याने कागद ठेवून घेतला.

मी आणखी तीनदा गेलो. दोनदा नाझिरसाहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्यांदा कागद परभणीला पाठवल्याचे कळले.

मुलगा रोज शाळेत येत होता. पहिल्या रांगेत बसून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत होता. स्वतःहून बोलत नव्हता. परीक्षेची यादी आली तेव्हा तीत अकरा नावे होती. त्याचे नव्हते. मी यादी वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

परीक्षेनंतर नवव्या दिवशी परभणीहून उत्तर आले. हजेरी दुरुस्त करण्यास मंजुरी होती. कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, मायलेक आठवड्यापूर्वी वालूरला मामाकडे गेले.