पस्तीस दिवस न उघडलेला डबा

दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे दीनानाथ हर्डीकर केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, त्याला अकरा वर्षं झाली. पत्नी हेमलताबाई जाऊन दोन. मुलगा विश्वास गुरुग्रामला असतो. अंतर गाडीने पाऊण तास, सवडीने दीड महिना.

जुलैतल्या एका दमट संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत एक भलीमोठी काळी मुंगी उतरली. तिला पंख होते. दीनानाथ केरसुणी घेऊन येईपर्यंत तिने ते स्वतःच उपटून टाकले आणि तुळशीच्या कुंडीआड जाऊन बसली. इतक्या निश्चयाने कायमचं राहायला आलेलं कुणी त्या घराने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. दीनानाथांनी केरसुणी ठेवली आणि तिच्यावर वाटी पालथी घातली.

खालच्या मजल्यावरची नीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने वाटी जराशी उचलून पाहिली.

"राणी आहे, काका. एकटीच वारूळ वसवणार."

"एकटीच?"

"पहिल्या मुली मोठ्या होईपर्यंत. तोवर खाणारसुद्धा नाही काही. उडायचे स्नायू आता लागणार नाहीत ना, ते अंगातच जिरवते आणि त्यावर पोरं वाढवते."

हेमलताबाईंनी लग्नानंतर दिल्लीला येताना सांगलीच्या शाळेतली नोकरी सोडली होती. त्याचा उल्लेख त्यांनी पुढच्या एक्केचाळीस वर्षांत दोनदाच केला. दीनानाथांना त्या वेळी दोन्ही प्रसंग आठवले.

नीलाने काचेची परीक्षानळी आणून दिली. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी दुसरा बोळा. नळी हेमलताबाईंच्या चकलीच्या डब्यात गेली, डबा कपाटात, स्वेटरांशेजारी. "अंधारात ठेवा हं," एवढं म्हणून नीला घाईने निघून गेली.

दीनानाथांनी एक वही घातली. रोज सकाळी अकरा वाजता, म्हणजे पूर्वी कामाला खरी सुरुवात व्हायची त्या वेळी, डबा काढायचा, टॉर्च मारायचा, नोंद करायची. 'अंडी चार. राणी स्वस्थ.' 'अंडी नऊ. राणी स्वस्थ.' बाराव्या दिवशी नोंद झाली, 'अंडी शून्य. राणी स्वस्थ.'

"खाल्ली तिने," नीला म्हणाली. "तुम्ही रोज बघत होतात?"

"फक्त सकाळी." मग प्रामाणिकपणे, "आणि चहानंतर."

"टॉर्च लावून?"

"त्याशिवाय दिसणार कसं?"

"काका! उजेड पडला, हादरा बसला, की तिला वाटतं जागा धोक्याची आहे. मग ती अंडी खाऊन टाकते. परत घालेल, पण तिसऱ्यांदा घालायचं बळ नाही तिच्यात. ही अंडी गेली तर तीही गेली. पाच आठवडे हात लावू नका. मुली बाहेर आल्या की मात्र लगेच मधाचा थेंब द्या, उपाशी असतात."

चौतीस वर्षांच्या नोकरीत दीनानाथांच्या ऑफिसातल्या कपाटात कितीतरी प्रकरणं अंधारात, हात न लागता पडून राहिली होती, आणि त्यांतल्या एकाचंही काही वाकडं झालं नव्हतं. ज्या कामाचा त्यांना खराखुरा अनुभव होता, नेमकं तेच त्यांनी घरी केलं नाही.

त्या रविवारी त्यांनी डब्याला ऑफिसातली लाल फीत बांधली आणि चिठ्ठी लावली, 'पाचव्या रविवारपर्यंत उघडू नये.' खुर्ची कपाटासमोर आणली. पेपर तिथे, चहा तिथे, दुपारची डुलकी तिथेच. अकराची नोंद चालू राहिली. 'राणी स्वस्थ असावी.'

तिसऱ्या आठवड्यात विश्वासचा फोन आला. "बाबा, या रविवारी येणार होतो, पण म्हटलं उगाच तुम्हाला डिस्टर्ब नको. तुमचं रुटीन छान बसलंय ना?"

"हो, बिल्कुल." मग ते कपाटाकडे बघत म्हणाले, "पाचव्या रविवारी ये. डबा उघडायचाय. मिळून बघू."

"अच्छा! पक्का येतो."

पाचव्या रविवारी दीनानाथांनी मसालेभात लावला. अकरा वाजले. वही उघडी ठेवून ते बसून राहिले. साडेबाराला फोन वाजला.

"बाबा, सॉरी यार, अचानक क्लायंट आलाय. तुम्ही उघडा ना, फोटो पाठवा. नाहीतर पुढच्या रविवारी?"

पुढच्या रविवारपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. थांबण्यात त्यांना कुणी हरवलं नसतं. पण आतल्यांना भूक लागली असली तर?

"मी उघडतो," ते म्हणाले.

फीत सोडायला वेळ लागला. नळीत राणी होती, आणि तिच्या पायांशी तीन फिकट, मोहरीएवढ्या मुली, आल्यापासूनच कामाला लागलेल्या. त्यांनी फोटो काढला. त्यात टॉर्चचा उजेड तेवढा आला. तोच पाठवला. विश्वासने अंगठा पाठवला.

मग त्यांनी बोळा हलकेच काढून काडीच्या टोकाने मधाचा थेंब आत ठेवला आणि बोळा परत बसवला. एक मुलगी थेंबाशी गेली, पोटभर प्याली, परत फिरली आणि तोंडाला तोंड लावून आईला पाजू लागली. दीनानाथांनी टॉर्च विझवला. वहीत लिहिलं, 'मुली तीन. राणी सात आठवड्यांनी जेवली.'

डबा बंद करून ते स्वयंपाकघरात गेले. कुकर गार झाला होता. भात दोघांचा होता.