भिंतीकडे तोंड करून

"तोंड भिंतीकडे कर, मग बोल," गजेंद्र म्हणाला.

"का? वाचलं तर वाचू दे आबांना. चोरी करू राहिलो का आपण?" असं म्हणता म्हणता सुषमा वळलीच. डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत नवरा-बायको गॅसच्या ओट्यापाशी, भिंतीवरच्या फरश्यांकडे बघत भांडू लागले.

मागे पलंगावर सुकदेवआबा नातीच्या दप्तराची अडलेली चेन मेणबत्ती घासून सरळ करत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. ओठ मात्र ते पेपरासारखे वाचत.

त्यांची चाळीस वर्षं कापड विणायच्या लूमवर गेली. आठ मशीनं एकट्यानं सांभाळायची आणि त्या खडखडाटात जोडीदाराशी बोलायचं ते ओठांनीच. कानात कापूस घाल, असं सांगणारे भेटले होते. कापूस घातला तर कुठलं मशीन बिघडलं ते कसं कळणार, असं आबांचं म्हणणं. बायको अनुसया गेली तेव्हा मुलगी शोभा सात वर्षांची, गजेंद्र तीन. पोरं गावाकडं पाठव, सगळे म्हणाले. आबांनी पाठवली नाहीत. सकाळी शोभाच्या दोन वेण्या घालून, गजेंद्रला शेजारी ठेवून ते पाळीला जात. वेण्या इतक्या घट्ट, की पोरीचे डोळे ताणले जायचे. शाळेतल्या पालकसभेला ते पहिल्या बाकावर बसत, बाईंचे ओठ दिसावेत म्हणून.

नात हेतवी सहा महिन्यांची झाली आणि सुषमा साड्यांना लेस लावायच्या कामावर परत गेली. बाळ आबांकडे. खिमट, लंगोट, ताप, सगळं त्यांनीच केलं. पोरगी बोलायला शिकली ती त्यांच्या तोंडाकडे बघून. 'आबा, पाणी' म्हणताना नुसते ओठ हलायचे, आवाज नाही. आबांना तेवढं पुरे होतं. घरच्यांना याचं केवढं कौतुक! पाहुणे आले की तिला करून दाखवायला लावायचे.

आता ती सहा वर्षांची होती. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान चांगले आहेत. दिवसभर आवाजात बोलणारी माणसं हवीत तिच्याजवळ. आणि परवा शाळेत संडासाची कडी आतून अडकली. पाऊण तास ती आत होती. दारापासून दोन हातांवर झाडू मारणाऱ्या मावशीला काही ऐकू आलं नाही.

"कडी खराब होती. त्यात आबांचा काय दोष?" सुषमा म्हणाली.

"दोष म्हटलं का मी? बाप आहे तो माझा. वर्षभर त्यांना शोभाताईकडे राहू दे, एवढंच."

"हेतूशिवाय घास उतरत नाही त्यांना. मी काम सोडते, घरी बसते."

"बस. तरी ती त्यांच्याचकडे जाणार. रविवारी बघतेस ना? तू घरात असतेस, पण पाणी कोणाकडे मागते ती?"

सुषमा वळली. हेतवी आबांच्या गुडघ्याला टेकून चेन कशी सरकते ते बघत होती.

"हेतू, कडी अडकली तेव्हा काय केलंस गं?"

"हाक मारली." कसाबसा आवाज निघाला.

"कोणाला?"

"आबांना."

"कशी मारली? दाखव मला."

हेतवीनं दोन्ही हात तोंडापाशी धरले, डोळे मोठे केले आणि सगळा जीव एकवटून तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. तिनं पुन्हा तोंड उघडलं, मग आणखी एकदा.

"ओ! आलो, आलो माय!" आबा गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले आणि दप्तर टाकून त्यांनी तिला मांडीवर घेतलं.

गजेंद्रनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

सुषमानं पदरानं तोंड पुसलं. ती पलंगासमोर ट्यूबलाइटच्या उजेडात येऊन उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी.

"आबा, सोमवारच्या भुसावळ पॅसेंजरनं तुम्ही धरणगावला जायचं, शोभाताईकडे. वर्षभर तिकडेच राहायचं. हेतवी येणार नाही."